फेस्टस गॅरहीच्या नावाची बाग

"बाग गावाची आहे, खुशाल करा. पण तिला त्याचं नाव दिलंत, तर ती पाटी मी माझ्या हातानं उखडून टाकीन," नोरीन टार्पी म्हणाली आणि उभीच राहिली.

चर्चमधली रविवारची मिस्सा झाल्यावर किलकॉरन गावाचं सभागृह भरलं होतं. पुलाजवळच्या नव्या बागेला फेस्टस गॅरहीचं नाव द्यायचं की नाही, एवढाच विषय होता. फेस्टसला जाऊन वर्ष झालं होतं. त्याआधी कित्येक वर्षं रोज सकाळी रेडिओवरचा त्याचा आवाज गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असायचा. लोक त्याला फोन करायचे, तो त्यांना बोलतं करायचा. निम्मं गाव त्याला देवमाणूस म्हणे. उरलेलं निम्मं त्याचं नाव निघालं की तोंड वाकडं करी.

"नोरीन, तुलाही बोलायला मिळेल," अध्यक्षस्थानी बसलेले नगरसेवक लॅव्हेल म्हणाले. "आधी मार्टिन जो."

मार्टिन जो मासेमारी करायचा. बोलायची सवय नव्हती. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला, "माझा भाऊ बोटीसकट गेला, तेव्हा सरकारी शोध दोन दिवसांत थांबला. फेस्टसचा नाही थांबला. तो माइकपुढून हललाच नाही. नाव घेऊन घेऊन एकेका बोटवाल्याला हाक मारत होता. तीन परगण्यांतल्या होड्या समुद्रात उतरल्या. भाऊ सापडला. मेलेला सापडला, पण सापडला. आईला माती द्यायला काहीतरी मिळालं."

मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं.

"तुझ्या भावाचं मला वाईट वाटतं, मार्टिन जो," नोरीन म्हणाली. "पण माझी बहीण याच माणसानं घालवली. तिच्यासाठी कुणी होड्या काढल्या?"

मग ती बोलायला लागली. ईथना तिच्याहून मोठी. घरात एकीलाच शिकवायची ऐपत होती, म्हणून ईथना कॉलेजात गेली आणि नोरीन गाई आणि आईचं आजारपण सांभाळत मागे राहिली. "त्याचं मला कधी काही वाटलं नाही," ती म्हणाली. ईथना चर्चच्या सिस्टरांच्या शाळेत बाई झाली. वर्षभरात तिला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. गोष्ट घरातल्या चार भिंतींच्या आत होती.

"आणि एका सकाळी कुण्या बाईनं याच्या कार्यक्रमात फोन लावला. नाव नाही सांगितलं. ईथनाचंही घेतलं नाही. घ्यायची गरजच काय? सिस्टरांच्या शाळेतली नवी बाई, लाल सायकलवाली. झालं. आणि यानं काय केलं? 'बोला, न भिता बोला,' म्हणाला. जाहिराती लागल्या तेव्हासुद्धा सोडलं नाही. 'फोन ठेवू नका हं, झकास चाललंय,' म्हणाला. आणि जाहिराती संपल्यावर साऱ्या परगण्याला विचारलं, अशा बाईच्या हाती आपल्या पोरी द्यायच्या का?"

"अगं, तेव्हाचा काळच तसा होता," पुढच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला.

"माइकवर काळ बोलत नव्हता. फेस्टस बोलत होता."

नोरीन पुढं बोलत राहिली.

"आठवड्याच्या आत तिला शाळेतून काढलं. ती जहाजानं इंग्लंडला गेली, ती गेलीच. आईच्या मातीला आली नाही. मागच्या हिवाळ्यात कॉव्हेंट्रीत वारली, ते मला तिच्या शेजारणीकडून कळलं. आता तुम्ही त्याच्या नावाच्या बागेत बसून पोरांना आइस्क्रीम खाऊ घालणार. घाला."

लॅव्हेलांनी हात वर करायला सांगितलं. नावाच्या बाजूनं थोडेच हात वर गेले. मार्टिन जोचासुद्धा गेला नाही. बागेला नदीचं नाव द्यायचं ठरलं.

नंतर चहाच्या टेबलापाशी बायका एकेक करून नोरीनजवळ आल्या, तिचा हात दाबून गेल्या. सगळ्यात शेवटी डिलिया मंगव्हन आली. फेस्टसच्या रेडिओ स्टेशनात तिची उभी हयात गेली होती. सभेत ती एक शब्द बोलली नव्हती.

"चांगलं बोललीस," डिलिया म्हणाली.

"खरं होतं तेच बोलले."

"हो. सगळं खरं होतं." डिलियानं कपात दूध घातलं. "ईथना जायच्या आदल्या दिवशी स्टेशनात आली होती. ते तुला माहीत नसेल. रडली नाही, भांडली नाही. फोन कुणाचा होता, एवढंच विचारत होती."

"मग?"

"फेस्टसनं सांगितलं नाही. पुढं सिस्टरांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं. पोरांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या, तरी नाही. मी म्हटलं, अरे, सांगून मोकळा हो. तर म्हणाला, माइक माझा होता, शिव्या मलाच बसू देत. फोन करणाऱ्या पोरीला याच गावात जन्म काढायचाय."

नोरीननं कप बशीत ठेवला.

"मरेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही," डिलिया म्हणाली. "मीही नाही उघडणार. पण त्या सकाळी फोन मी उचलला होता, नोरीन."

बाहेर लोक गाड्या काढत होते. नोरीननं जाऊन दार लोटून घेतलं. मग वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मघाचाच संताप होता. जराही कमी झालेला नव्हता.

"मी एकोणीस वर्षांची होते, डिलिया," ती म्हणाली. "तो चांगला जाणता माणूस होता. माझा फोन त्यानं तिथंच आपटायला नको होता?"