झऱ्याच्या तोंडाशी

"कुण्या मेल्यानं टाकलं असंल हे? हात झडले न्हाईत त्याचे?" धुरपदाबाई बारवेच्या तळातून ओरडली. गाळातून आज पुन्हा देवांच्या तसबिरी निघाल्या होत्या. काचा तडकलेल्या, पुठ्ठे फुगलेले. भंगलेला देव घरात ठेवायचा नाही म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या इथंच आणून सोडलेले.

वर टोपली ओढणारा वैजीनाथ पार वैतागला होता. "काकू, दगड लागायची येळ आली, पाणी कुठं हाय? उद्यापासून कुणी येत न्हाई बगा. परभणीवरून टँकर येतोच की."

धुरपदाबाईनं कुदळ थांबवून वर बघितलं. बारव जिती आहे, आत झरा आहे, असं दारोदार सांगून तिनंच माणसं गोळा केली होती. पाऊस तोंडावर आलेला. काम अर्धवट सुटलं तर यंदाचंही पाणी ओढ्यानं वाहून जाणार, आणि वर गाव तिच्या नावानं शिमगा करणार.

कोपऱ्यात, चिऱ्यांच्या फटीत एक चौकट रुतून बसली होती. तिनं कुदळीच्या टोकानं ती हलवली, मग दोन्ही हातांनी हिसकली. चौकट सुटली. मागून ओली माती ढासळली आणि पाण्याची बारीक धार लागली.

"पाणी लागलं! आत्या, पाणी लागलं!" तिची सून प्रियंका किंचाळली. वरची माणसं धडाधड पायऱ्या उतरू लागली.

धुरपदाबाई मात्र हातातल्या चौकटीकडेच बघत राहिली. खंडोबा. निखळलेल्या कोपऱ्याला तांब्याच्या तारेचे वेढे. ते तिनंच घातले होते, आणि पुढं काच फुटल्यावर तिनंच त्याला इथं आणून सोडलं होतं.

आता सांगा, कुणाला काय कळणार होतं? वरच्या तसबिरींच्या ढिगात टाकली की मिटलं. तिचा हात तसा उचललाही गेला.

पण ती मटकन पायरीवर बसली. लाजेनं तिला रडूच फुटलं.

"वैजीनाथ, ह्यो माझा हाय रे. मीच झऱ्याच्या तोंडाशी कोंबला. आन दर उन्हाळ्याला ह्यालाच हात जोडायलेय, देवा, पाणी दे म्हून!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. धुरपदाबाईनं पदरानं खंडोबाच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि त्याला भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात बसवलं. मग ती वळली.

"हसता काय? वर ढीग पडलाय. आपापला हुडका."