लिफ्टची करकर

पुन्हा तोच आवाज आला. कोरडा, लांबलेला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. तंत्रज्ञाने हातातला पाना खाली ठेवला. बेअरिंग कालच नवे बसवले होते. वंगण ताजे होते. आणि लिफ्ट तर या क्षणी तळमजल्यावर स्वस्थ उभी होती.

"ही तिसरी खेप," इमारतीचे व्यवस्थापक गच्चीवरच्या त्या यंत्रखोलीच्या दारातूनच म्हणाले. "सातव्या मजल्यावरच्या आजी रोज माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतात. आज करकर थांबली नाही, तर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

उभ्या नोकरीत तंत्रज्ञाच्या हातचे काम कोणी परत केले नव्हते. या एका आवाजाने त्याची झोप उडवली होती. प्रत्येक खेपेस तो तडक बेअरिंगकडे जाई. उघडे, पुसे, बसवी. त्यापलीकडे काही पाहण्याइतके डोके शांतच उरले नव्हते.

करकर पुन्हा झाली, तेव्हा त्याने प्रथमच मान वर केली. झरोक्यात काटक्यांचे घरटे होते. काठावर बसलेल्या साळुंकीने पिवळी चोच उघडली, गळा फुगवला आणि जुने बेअरिंग हुबेहूब वाजवून दाखवले.

व्यवस्थापकांना हसू आवरेना. "म्हणजे आम्ही इतके दिवस तुम्हांला उगाच फैलावर घेतलं."

"जे कानावर पडतं, ते ही जात उचलते," तंत्रज्ञ म्हणाला. स्वरात सुटकेपेक्षा चीडच अधिक होती. "मुक्काम दिवसभर इथेच. बाईसाहेबांनी जुना आवाज पाठ करून ठेवलाय."

तो अवजारे पिशवीत भरू लागला. साळुंकीने पुन्हा गळा फुगवला. या वेळी करकर नव्हती. बारीक, तुटक असा 'तट्' आवाज आला. थोडे थांबून पुन्हा, 'तट्'.

"आणि हे कशाचं?" व्यवस्थापकांनी हसतच विचारले.

तंत्रज्ञाचा हात पिशवीतच थांबला. बेअरिंग असे वाजत नाही. मोटार अशी वाजत नाही. तो उठला आणि त्याने मुख्य स्विच खाली ओढला.

"अहो, खाली आजी लिफ्टसाठी उभ्या आहेत."

"उभ्या राहू द्या."

त्याने खिशातले सुती फडके काढले, लिफ्ट पेलणाऱ्या पोलादी दोराभोवती धरले आणि सावकाश सरकवू लागला. वीतभर अंतरावर फडके अडकले. तुटलेल्या तारांची टोके त्यातून आरपार बाहेर आली होती.