पिंडापुढचा शब्द

रामकुंडावर बाबांच्या दहाव्याचा पिंड ठेवून तास उलटला, तरी एकही कावळा शिवेना. आईला सांभाळीन, धाकटीचं लग्न लावीन, योगिनीने सगळं कबूल करून पाहिलं. शेजारी वसुलीवाला ठाण मांडून बसलेला. बाबांच्या पुतण्याने कर्ज काढताना त्यांचा नंबर दिला, एवढाच काय तो संबंध. पण धमक्यांच्या फोनांनी बाबा खंगले. "ताई, त्यांचा जीव हप्त्यांत अडकलाय," वसुलीवाला मायेने म्हणाला. "भरते म्हणा, बघा कावळा कसा येतो." नातेवाइकांनी माना डोलावल्या. पिंडापुढे दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि बाबांना उपाशी ठेवणार कसं? योगिनीने हात जोडले. "बाबा, तुम्ही न घेतलेल्या कर्जाचा छदामही मी भरणार नाही." पिंपळावरून कावळे असे तुटून पडले, की गुरुजी सोवळं सावरत पळाले. वसुलीवाल्याचेही हात आपोआप जोडले गेले.