वर्तुळातला ठिपका

दोघी बहिणींसमोर समुपदेशक बाई त्यांच्या माहेरचा वंशवृक्ष काढत होत्या. बाईमाणूस म्हणजे वर्तुळ. कर्करोगानं गेलेल्या आईचं आणि मावशीचं वर्तुळ त्यांनी काळं केलं. मग धाकटीचंही, तिच्या गाठीचा रिपोर्ट कालच आला होता. “आजार नाही, पण जनुकात दोष सापडलाय, अशांना नुसता ठिपका. आहे असं कुणी?” “छे! माहीत असतं तर मी वेळेवर तपासण्या केल्या नसत्या का?” धाकटी म्हणाली. पूर्वी याच खोलीत याच बाईंनी थोरलीला बजावलं होतं, “तुम्हीच सांगा बहिणीला, आम्हाला परस्पर सांगता येत नाही.” आताही त्यांनी ओळख दाखवली नाही, फक्त पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. थोरलीनं स्वतःच्या कोऱ्या वर्तुळात ठिपका काढला. “ताई, हे तुला कधी कळलं?” “तुझं लग्न ठरत होतं ना गं, तेव्हा.”