मानेवरचा डास

भरती संपली आणि खाडीचं पाणी थबकलं. ते फार वेळ थबकत नाही. स्वारांनी आरोळ्या ठोकल्या, चाबूक हवेत कडाडले आणि घोड्यांच्या बेटावरून अख्खा कळप पाण्यात उतरला. माणसांच्या बेटावर, गुडघाभर चिखलात उभी राहून आर्व्हेला बंटिंग एकच डोकं शोधत होती. कपाळावर पांढरा पट्टा असलेली म्हातारी घोडी दिसली. तिच्या मागोमाग, नाक तेवढं पाण्यावर काढून, तिचं शिंगरू येत होतं. दोघी किनाऱ्याला लागल्या तेव्हा कुठे आर्व्हेलानं श्वास सोडला.

त्या दिवशी वारा खाडीकडून होता, म्हणजे डासांची चंगळ. तोच समुद्राकडून वाहिला तर आमच्या बेटावर औषधालाही डास सापडत नाही. पण कळप हाकायच्या दिवशी वारा कधी आमचं ऐकत नाही. बाहेरून बघायला आलेली माणसं थपडा मारून मारून लाल झाली होती.

ती घोडी आर्व्हेलाच्या नवऱ्याची, एनिसची. म्हणजे मालकीची नव्हे. एनिस स्वारांपैकी एक. घोडी शिंगरू होती तेव्हा दलदलीत रुतली होती आणि एनिसनं छातीपर्यंत चिखलात उतरून तिला दोर लावला होता. पुढे दर वर्षी खाडीत तीच पहिली उतरायची आणि तिच्या मागे कळप. एनिस या हिवाळ्यात गेला. घोडीचंही हे शेवटचंच शिंगरू, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. शिंगरं दुसऱ्या दिवशी लिलावात जातात, कारण घोड्यांच्या बेटावरचं गवत बेताचंच आहे. घेणाऱ्याच्या मनात आलं तर मात्र तो शिंगराला नाव देऊन परत बेटावर सोडू शकतो. आर्व्हेलाला तेच करायचं होतं. एनिसचं काहीतरी तिथं धावत राहावं, एवढीच तिची इच्छा.

एनिसचा धाकटा भाऊ डेल्मस कुंपणाला टेकून हे सगळं बघत होता. वडिलांच्या बोटीवरून दोघा भावांचं बिनसलं ते बिनसलंच. एनिसच्या मातीलाही हा फाटकाबाहेरच उभा राहिला. तेव्हापासून आर्व्हेला त्याच्या वाटेला जात नसे. त्यात डेल्मस कमालीचा चिकट. आपल्या ताटातला खेकडा तो मांजराला हुंगूसुद्धा देणार नाही, असं गावातल्या बायका म्हणत.

दुसऱ्या दिवशी लिलावाला मैदान भरलं. पहाटे हवा फिरली होती. आर्व्हेलाचा डोक्याचा रुमाल सारखा उडत होता आणि ओठांवर मीठ येत होतं. लिलाव पुकारणाऱ्या होरेसनं नेहमीची तंबी दिली. "हात वर गेला की बोली धरली! मग माशी हाकलत होतो, टोपी सारखी करत होतो, असलं काही मी ऐकायचा नाही."

तो खरंच ऐकत नाही. दर साली कुणीतरी पाहुणा मान खाजवतो आणि घोडं घेऊन घरी जातो. आम्ही बेटावरची माणसं लिलावात हात खिशात ठेवतो. डास चावला तर चावू देतो.

शिंगरू रिंगणात आलं. आर्व्हेलानं हात वर केला. पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या एका टोपीवाल्यानंही केला. पुन्हा तिनं, पुन्हा त्यानं. त्याला आपल्या शेतावर शोभेला जनावर हवं होतं. होता होता आर्व्हेलाचा हात अर्ध्यावर आला आणि खाली गेला. तिची झेप तेवढीच होती. ती जमिनीकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि चारचौघांत रडायचं नव्हतं.

"एक वार," होरेस म्हणाला. "दोन वार…"

फाडकन आवाज झाला. डेल्मसनं हात उंच नेऊन स्वतःच्याच मानेवर सणसणीत थप्पड मारली होती.

"धरली!" होरेस ओरडला. "डेल्मसची बोली!"

"बोली कसली, बाबा? डास होता, डास!"

मैदान हसून लोळायला लागलं. "जन्म गेला इथं आणि डासापायी घोडं घेतलंस!" कुणीतरी मागून ओरडलं. टोपीवाला तर पोट धरून हसत होता. पुढची बोली लावायचं त्याला सुचायच्या आत होरेसनं हातोडा मारला. दोघे-तिघे म्हातारे स्वार तेवढे हसले नाहीत. ते आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"आता हिला नेतोस कुठं?" होरेसनं विचारलं.

"माझ्याकडं कुठाय जागा? सोडा परत बेटावर."

"आणि नाव काय द्यायचं?"

"मला नाही नावंबिवं सुचत," डेल्मस खेकसला. त्यानं हनुवटीनं आर्व्हेलाकडे खूण केली, बघितलं मात्र नाही. "तिला विचार. तिलाच हौस आहे असल्या उठाठेवींची."

आर्व्हेला रिंगणाला वळसा घालून त्याच्यापाशी आली. उडणारा रुमाल तिनं हनुवटीखाली घट्ट बांधला. मग त्याची कॉलर बाजूला सारून मान पाहिली. मानेवर पाच बोटं उमटली होती. दुसरं काहीच नव्हतं.

"फार चावला का रे?"

"चावला की. चांगला मोठा होता."

"डेल्मस," ती हळूच म्हणाली, "पहाटेपासून वारा समुद्राकडून आहे."