पोह्यांवरचं लिंबू

“अगं, ते सरबत नव्हतं, माझ्या प्रयोगाचा लिंबाचा रस होता!” मी किंचाळले. माझी जोडीदार जुई हिने रिकामी बाटली पाठीमागे लपवली. तेवढ्यात विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक पोह्यांची प्लेट घेऊन आमच्या टेबलाशी आले. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचं तर यांनाच पटवायचं होतं.

तेलाच्या परातीत खायच्या सोड्याच्या गोळ्या होत्या, प्रत्येकीच्या पोटात लाल रंग. “सर, तेल म्हणजे शरीर, गोळ्या म्हणजे नॅनोकण, आत अँटिबायोटिक. जंतू जमतात तिथे आंबटपणा वाढतो, आणि हे कण फक्त तिथेच फुटतात.”

“दाखव की!”

एरवी ‘हजर’ म्हणतानाही माझी बोबडी वळायची. आज मी सरळ हात पुढे केला. “सर, तुमच्या पोह्यांवरचं लिंबू देता?”

जुईने कपाळावर हात मारला. सरांनी मात्र लिंबू दिलं. मी एका गोळीवर थेंब पिळले. फस्स! तेवढीच फुटली, लाल बुडबुडे उसळले. बाकीच्या ढिम्म.

“आणि मी हे आधीच पोह्यांवर पिळलं असतं तर?”

“तर औषधाला पत्ताच सापडला नसता, सर!”

“जिल्ह्याला येताना दोन लिंबं आण,” सर हसत म्हणाले. “एक माझ्या पोह्यांना.”