तिलवाऱ्याहून

वडिलांच्या, विष्णुपंतांच्या अस्थी तिलवाऱ्याला नर्मदेत सोडल्या, त्यानंतरच्या उन्हाळ्यात विनता जबलपूरला आईकडे आली. आईच्या मेलमध्ये तिलवाऱ्याहून कोणीतरी रोज शिरत होतं, असं तिला मेलच्या नोंदीत दिसलं. काही चोरत नव्हतं, फक्त विनताने पाठवलेले नव्या नातीचे फोटो उघडून बघत होतं.

"बाबांचं नाव आणि जन्मसाल, असा पासवर्ड कोणीही ओळखतं, आई."

"मला तर तो पक्काच वाटून राहिला होता," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

विनताने एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांचा लांबलचक पासवर्ड मनातच जुळवला आणि आईलाही न सांगता टाकला. "आता कोणी बरोबर पासवर्ड टाकला, तरी आधी तुझ्या फोनवर विचारेल. तू हो म्हटल्याशिवाय आत येता येणार नाही."

ती चहा ठेवायला उठली, तोच आईचा फोन वाजला. 'पासवर्ड बरोबर आहे. तिलवाऱ्याहून आत येणारे तुम्हीच का?'

विनता तशीच मागे वळली. "आई, 'नाही' दाब."

प्रमोदिनीबाईंनी पदराने फोनची काच पुसली.

"एवढ्या उन्हात बाहेर काहून उभं ठेवायचं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी 'हो' दाबलं.